दाजींची जिल्हा शाखा

दाजी मिठबावकरांनी सभा तहकूब केली तेव्हा सभेत आम्ही दोघेच होतो. अध्यक्ष ते आणि सचिव मी. दाजींनी खुर्चीतून उठून दुकानाबाहेर डोकावून बघितलं, मालवणच्या बाजारपेठेतून कोणी तिसरा सभासद धावत येत नाही याची खात्री करून घेतली आणि घसा खाकरून म्हणाले, "गणसंख्येअभावी ही सभा अर्धा तास तहकूब करण्यात येत आहे. अर्ध्या तासानंतर ती याच ठिकाणी भरेल आणि तिला गणसंख्येचं बंधन राहणार नाही. तोपर्यंत सन्माननीय सचिवांनी चहा सांगावा."

सन्माननीय सचिवांनी चहा सांगितला. त्या अर्ध्या तासात दाजी सभेच्या कामकाजाबद्दल चकार शब्द बोलले नाहीत, कारण सभा तहकूब होती. बांगडा काय भावाने गेला, जेटीवर कुणाची होडी रंगवायला काढलीय, अशा गजाली झाल्या. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे न बघता त्यांनी मला "वाजले किती रे?" असं विचारलं आणि टेबलावर टिचकी मारली. "सभेला सुरुवात होत आहे. सभासदांनी शांतता राखावी." मी शांतता राखली.

ही संघटना म्हणजे डोळे तपासणाऱ्यांची अखिल भारतीय संघटना. डोळ्यांच्या डॉक्टरांची नव्हे. आमच्यासारख्यांची, म्हणजे जे नंबर काढून चष्मा देतात आणि ज्यांना गिऱ्हाईक अर्ध्या वेळा "डॉक्टर" आणि उरलेल्या वेळा "ओ चष्मेवाले" म्हणतं, त्यांची. तिचं नाव इतकं लांब होतं की माझ्या दुकानाच्या पाटीवर ते मावलं नाही. सबंध सिंधुदुर्गात तिचे सभासद दोन. त्यातला एक मी, आणि मी कसा झालो ते सांगण्यासारखं नाही, पण सांगतो.

मी बारावीनंतर मुंबईला गेलो तो इंजिनियर व्हायला. मार्कांनी ऐनवेळी हात वर केले. मग मामांनी मला डोळे तपासण्याच्या अभ्यासक्रमाला घातलं, कारण त्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ तिथे शिकवत होते आणि मला नाही म्हणायचं धैर्य नव्हतं. शिकून परत आलो आणि वडिलांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात अर्ध्या भागात खुर्ची आणि तक्ता मांडला. पहिलं वर्षभर लोक घड्याळंच घेऊन आले. मी "डोळे तपासायचे आहेत का?" असं विचारलं की ते जरा मागे सरायचे आणि "बापूस खंय गेलो?" म्हणायचे.

आमच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर दाजींचं दुकान. माझ्या जन्माआधीपासूनचं. गिरगावात एका चष्म्याच्या दुकानात कारागीर म्हणून लागले, तिथेच रात्रीच्या वर्गाला बसून परीक्षा दिली आणि गावी परतले. लग्न केलं नाही. दुकानाच्या मागच्या खोलीत राहायचे, स्वतःची पेज स्वतः शिजवायचे. एक बहीण होती, तीही वारली.

आमच्या धंद्यात एक वाईट खोड आहे. गिऱ्हाईक दुसऱ्याचा चष्मा लावून आलं की तो काढून उजेडात धरायचा, भुवई चढवायची आणि दुःखी आवाजात म्हणायचं, "ह्यो नंबर कोणी दिलो तुमका?" बाकी काही बोलायची गरज पडत नाही. मी दाजींच्या नंबरांवर भुवई चढवायचो, दाजी माझ्या. फरक इतकाच की दाजींचे नंबर बरोबर असायचे. तरीही मी चढवायचो, कारण भुवई चढवणं हा अभ्यासक्रमातला एकच भाग मला पक्का येत होता.

एकदा दुपारी दाजी माझ्या दुकानात आले. हातात मीच दिलेला एक चष्मा. म्हटलं, आता बाजारपेठेत आपली शोभा होणार. पण दाजींनी दार ओढून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "मेल्या, तुझ्या बापाशीन घड्याळा दुरुस्त केली, तू माणसा कित्याक बिघडवतंस? ह्यो उजव्या डोळ्याचो नंबर डाव्याक घातलंस." मग चष्मा माझ्यासमोर ठेवला. "गिऱ्हायकाक मी काय सांगूक नाय. काच बदलून दी. आणि संघटनेचो सभासद हो."

"संघटनेचा याच्याशी काय संबंध?"

"सभासद दुसऱ्या सभासदाच्या नंबराची लोकांसमोर निंदा करत नाय. तसो नियम आसा. तू सभासद नाय, तरी मी नियम पाळलंय. पुढच्या वेळेक पाळीनच असा नाय."

दुसऱ्याच दिवशी मी सभासद झालो. भीतीपोटी संघटनेत शिरलेला अखिल भारतात मी एकटाच असेन. यथावकाश दिल्लीहून माझं प्रमाणपत्र आलं. मी ते चौकटीत घालून भिंतीला टांगलं. गिऱ्हाइकं त्याच्याकडे बघून "ह्या कसला लायसन?" म्हणून विचारायची आणि बायको म्हणायची, "निदान खिळो तरी वापरात इलो."

दाजींच्या दोन भाषा होत्या. एरवी अस्सल मालवणी, चार शब्दांत एक "मेल्या". पण संघटनेचं काम निघालं की ते शर्टाचं वरचं बटण लावायचे आणि तोंडून छापील मराठी सुरू व्हायची. समोर मीच बसलेला असायचो, ज्याला त्यांनी आत्ताच "मेल्या, बस थंय" म्हटलेलं असायचं. बटण लागलं की मी "सन्माननीय सचिव" व्हायचो. सभा संपली की बटण निघायचं आणि मी पुन्हा मेल्या.

माणसं त्यांना नावाने आठवत नसत, नंबराने आठवत. "ता मायनस अडीच आज बाजारात दिसाक नाय." "प्लस दोनाची सून बाळंत झाली मां?" एकदा एका लग्नात जेवणाच्या पंगतीत नवरानवरीकडे बघून मला म्हणाले, "मायनस चार आणि मायनस पाच. पोरांक शाळेत घालूच्या आधी माझ्याकडे आणूक सांग." नवरीचा बाप शेजारीच जेवत होता. त्याला वाटलं दाजी राशीचं काहीतरी सांगतायत, आणि त्याने भीत भीत "शांत करूक लागतली काय?" असं विचारलं.

डोळ्यांच्या बाबतीत मात्र दाजी कुणाला सोडत नसत. कोणाला मोतीबिंदू झालेला दिसला की चष्मा विकायचे नाहीत. "चष्म्यान जाऊचा नाय ह्या, ऑपरेशन करूक व्हया," म्हणून सांगायचे, आणि समोरचा घाबरला की स्वतः दुकान बंद करून त्याला एसटीने कुडाळला घेऊन जायचे. मच्छी विकणारी जनाक्का तर तीनदा स्टँडवरून पळून आली होती. चौथ्यांदा दाजी तिच्याबरोबर गेले. ऑपरेशन होईपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहिले आणि संध्याकाळी तिला घरी पोचवून आले. तेव्हापासून जनाक्का त्यांना बांगडे मोजून देत नाही, टोपलीत हात घालून येतील तेवढे देते.

अशा या दाजींना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. संघटनेची सिंधुदुर्ग जिल्हा शाखा. रीतसर मान्यता असलेली. त्यासाठी ते वैभववाडीपासून शिरोड्यापर्यंत चष्म्याच्या दुकानदारांकडे फिरले. कोणी चहा दिला, कोणी "बगूया" म्हणाले. सभासद कोणी झालं नाही. "संघटना आमका काय देता?" हा सगळ्यांचा प्रश्न, आणि खरं सांगायचं तर माझाही तोच. आतापर्यंत मला एक कॅलेंडर मिळालं होतं, त्यावर बर्फाचे डोंगर होते.

मी एकदा विचारलंही. "दाजी, शाखा झाली काय आणि न झाली काय, आपण दोघं आहोतच की."

"दोघा आसव, ता माका दिसता," दाजी म्हणाले. "पण उद्या तुका कंटाळो इलो म्हणजे तू येवचंस नाय. शाखा झाली म्हणजे येवचा लागतला."

त्यावेळी मला हे हसण्यासारखं वाटलं. मी घरी जाऊन बायकोला नक्कल करून दाखवली.

शेवटी दाजींच्या पत्रांना कंटाळून मुंबईच्या कार्यालयाने एक निरीक्षक पाठवायचं ठरवलं. कर्णिक त्यांचं नाव. ते येऊन आमचं काम बघणार आणि शाखेला मान्यता द्यायची की नाही ते ठरवणार. दाजींच्या अंगात वारं शिरलं. बंदरावर नेत्रतपासणी शिबिर घ्यायचं ठरलं. मांडव, बाकडी, लाउडस्पीकर. रापणीची मोठी जाळी ओढणाऱ्या रापणकरांना आदल्या दिवशी किनाऱ्यावर जाऊन आमंत्रणं. तयारीत दाजी हल्ली जरा गोंधळत होते. मायनस अडीचला प्लस एक म्हणाले. समोरून येणाऱ्या माझ्या बायकोला "नमस्कार भाऊनू" म्हणून पुढे गेले. मी म्हटलं, वय झालं. रोज त्यांच्यासमोर बसून चहा पिणारा, डोळ्यांचं शिक्षण घेतलेला, चौकटीतल्या प्रमाणपत्राचा धनी मी, आणि मी म्हटलं, वय झालं.

कर्णिकसाहेब कोकण रेल्वेने कुडाळला उतरले आणि सकाळी रिक्षातून बंदरावर आले. शांत, बारीक आवाजाचे गृहस्थ. बगलेत एक गुंडाळी. दाजी लाउडस्पीकरवर होते, वरचं बटण लावलेलं. "आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातील हा सोनेरी क्षण," वगैरे चालू होतं. साहेबांनी गुंडाळी मला दिली. "तुमच्या शिबिराला कार्यालयाची भेट. आजच लावा." मी आमचा जुना अक्षरांचा तक्ता उतरवला आणि नवा टांगला. त्याच्यावर अक्षरं नव्हती. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी असतो तसा, तीन दांड्यांच्या खुणांचा. खुणेचं तोंड कुठल्या बाजूला ते हाताने दाखवायचं. मला बरं वाटलं, आमच्या रापणकरांना सोपं.

भाषणं झाली. कर्णिकसाहेब म्हणाले, "लोक विचारतात संघटना काय देते. आपली चूक बाहेरच्याने सांगायच्या आधी आपल्या माणसाने सांगावी, एवढंच देते." मी टाळ्या वाजवल्या. लक्ष माझं जनाक्काने पाठवलेल्या सुरमईकडे होतं. मग ते म्हणाले, "आपल्याकडची पद्धत आहे. सभासदाने स्वतःचे डोळे स्वतः तपासायचे नाहीत. तेव्हा शिबिराची सुरुवात पदाधिकाऱ्यांनी एकमेकांचे डोळे तपासून करावी. आधी अध्यक्ष."

दाजी रुबाबात खुर्चीवर बसले. मी त्यांचा चष्मा काढला, डाव्या डोळ्यावर पट्टी धरली आणि म्हटलं, "वाचा, अध्यक्षमहोदय."

दाजींनी तक्त्याकडे मान उंच केली आणि सुरू केलं, "प. ग, ट. र, म, ल. न, द, फ, व," आणि थेट शेवटच्या बारीक ओळीपर्यंत, न अडखळता, शाळेत पाढे म्हणतात तशा चालीवर. आमचा जुना तक्ता. आयुष्यभर दुसऱ्यांकडून म्हणवून घेतलेला.

रांगेत पहिल्यांदा हसू फुटलं. सगळ्यात पुढे जनाक्का होती. ती म्हणाली, "दाजीनू, थंय अक्षरा खंय आसत?"

मग कोणी हसलं नाही. कर्णिकसाहेबांनी तक्त्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. दाजी अजून मान उंच करूनच बसले होते. मी टॉर्च काढला आणि त्यांच्या उजव्या डोळ्यात उजेड पाडला. बुबुळामागे दुधासारखा पांढुरका पडदा. मग डाव्या. तिथेही तेच, जरा कमी.

"सचिवांनी निष्कर्ष सांगावा," दाजी छापील मराठीत म्हणाले. आवाज मात्र बारीक झाला होता.

मला पळून जावंसं वाटलं. मान्यता समोर उभी होती, अख्खं बंदर ऐकत होतं, आणि दाजींना कमीपणा आणायची माझी लायकी नव्हती. पण माझ्या हातात टॉर्च होता आणि दुसरं कोणी सांगणारं नव्हतं. "दाजी, मोतीबिंदू आसा," मी म्हटलं. "दोनय डोळ्यांत."

दाजींनी माझ्या हातातून आपला चष्मा घेतला. मग उठले. "नियमानुसार, इलाज होईपर्यंत अध्यक्ष कोणाचेही डोळे तपासणार नाहीत. शिबिर सचिव चालवतील." आणि खुर्ची सोडून रांग लावायला गेले.

ते शिबिर मी एकट्याने कसं उरकलं ते माझं मला माहीत. दर गिऱ्हाइकामागे मी घाम पुसत होतो. उजवा आणि डावा चुकू नये म्हणून मी प्रत्येक नंबर दोनदा मोठ्याने म्हणत होतो, आणि रांगेच्या टोकाकडून दाजी ऐकून हुंकार देत होते. संध्याकाळी कर्णिकसाहेबांनी आमचे दोघांचे हात हातात घेतले. काम चांगलं आहे म्हणाले. पण दोन माणसांची शाखा नियमात बसत नाही, तूर्त शेजारच्या जिल्ह्याला जोडून घ्या. दाजी "योग्य आहे" म्हणाले आणि साहेबांना रिक्षापर्यंत सोडून आले.

मला वाटलं होतं दाजी दुसऱ्याच दिवशी कुडाळ गाठतील. कसलं काय. आधी म्हणाले, उन्हाळा जाऊ दे. मग पावसात जखम चिघळता. मग गणपती इले. दुकान त्यांनी नियमाप्रमाणे बंद ठेवलं होतं. आलेली गिऱ्हाइकं माझ्याकडे धाडायचे आणि आतल्या खोलीत बसून असायचे. सभा नाही, चहा नाही. मी जाऊन चिडवलं, "काय दाजी, जनाक्का चौथ्या खेपेला तरी गेली. तुम्ही पहिल्यालाच भ्यालात?"

घरी येऊन हे बायकोला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुमी दुसऱ्यांचे डोळे बगतास, तुमका काय दिसता काय? ते भियत नाय. त्यांच्यावांगडा जातलो कोण?"

मी तसाच परत गेलो. दाजी दाराशी बाकावर बसले होते. मी जवळ जाईपर्यंत त्यांनी ओळखलं नाही. "कोण ता?" म्हणाले.

"दाजी, कुडाळाक कधी जाऊचा? मी येतंय."

"दुकान कोण बगतलो तुझा?"

"बंद ठेवतंय. तुमी ठेवलास तसा."

दाजींनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले, मोतीबिंदूने पाणी येत नाही हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. "थंय गेल्यार पयला विचारतत, बरोबर कोण?" ते म्हणाले. "मी किती जणांवांगडा गेलंय. दर वेळेक मी म्हणायचंय, मी आसंय. माका विचारल्यार मी काय सांगू? कोण नाय म्हणान सांगाक लाज वाटता रे. या वयाक लाज वाटता."

वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. इतकी वर्षं निदान मी एकटा तरी सभेला यावा म्हणून हा माणूस पत्रं लिहीत होता, नियम काढत होता, आणि मी त्याच्या नकला करत होतो.

आम्ही पहाटेच्या एसटीने गेलो. इस्पितळात नर्सबाईंनी विचारलं, "आजोबा, सोबत कोण आहे?" दाजींनी सवयीने वरचं बटण लावलं. "हे आमचे सचिव."

"सचिव नको. घरचं माणूस कोण आहे?"

मी पुढे होऊन म्हटलं, "मी पुतण्या." दाजींनी लगेच मान हलवली. खोटी नोंद त्यांना खपत नसे, ऑपरेशनच्या खोलीच्या दारातसुद्धा. "पुतण्यो नाय ओ," ते म्हणाले. "नाता काय नाय. माझो माणूस आसा. असा लिवा." नर्सबाईंनी काय लिहिलं ते मी बघितलं नाही.

आत जाताना त्यांनी आपला चष्मा माझ्या हातात दिला. मी बाहेरच्या बाकावर बसलो. आमच्या धंद्यातल्या माणसाच्या हातात काच आली की हात गप्प बसत नाही. खिडकीच्या गजासमोर धरून काच हलवली की गज किती सरकतो त्यावरून नंबर कळतो. मी हलवली. मोतीबिंदू पिकायला लागला की मायनस नंबर वाढत जातो. ही काच भलतीच जड नंबराची होती, आणि चौकटीच्या खाचेत पुन्हा पुन्हा काचा काढल्याघातल्याचे ओरखडे होते. मागच्या खोलीत हा माणूस एकटा बसून, कोणाला न सांगता, नंबर वाढवत राहिला होता. दुसऱ्याला दाखवायचा नियम होता, आणि दुसरा मी होतो, हाकेच्या अंतरावर.

तासाभराने दार उघडलं. नर्सबाई दाजींचा दंड धरून त्यांना बाहेर आणत होत्या. एका डोळ्यावर पांढरी पट्टी, दुसऱ्या डोळ्याला चष्म्याशिवाय काही दिसायचं नाही. ते दारातच थांबले. समोर ओळीने माणसं बसली होती, आणि दाजींची मान या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरली.

"आसस मां रे?" त्यांनी विचारलं.

मी उठून त्यांचा दुसरा दंड धरला.

"आसंय," मी म्हटलं.